रोझेटच्या पोकळीतला निळा: एका मोसमाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

या मोसमात एकच लक्ष्य धरायचं ठरवलं आहे: रोझेट तेजोमेघ. शृंगाश्व तारकासमूहात, काक्षीकडून प्रश्वाकडे जाताना साधारण एक तृतीयांश वाटेवर. गेल्या दोन मोसमांत दर स्वच्छ रात्री नवं काहीतरी पकडायचा मोह झाला आणि हार्ड डिस्कवर अर्धवट कामांचा ढीग साचला. आता दुर्बीण मागच्या अंगणातल्या खांबावर बसेल ती मार्चपर्यंत त्याच दिशेला बघेल.

साहित्य: ८० मिलिमीटरची रिफ्रॅक्टर (भिंगाची दुर्बीण), रिड्यूसर म्हणजे नाभीय अंतर घटवणारं भिंग लावून नाभीय अंतर ३८४ मिमी, म्हणजे एफ/४.८ (३८४ भागिले ८०). मोनो (कृष्णधवल) कॅमेरा, ३.७६ मायक्रॉनचे पिक्सेल, ३००८ बाय ३००८. तीन नॅरोबँड फिल्टर, प्रत्येकी ७ नॅनोमीटर पट्ट्याचे: हायड्रोजन-अल्फा, ओ-थ्री (ऑक्सिजन), एस-टू (गंधक). एका पिक्सेलमध्ये आकाशाच्या २.०२ विकला मावतात आणि पूर्ण चौकट १०१ कलांची (६० विकलांची एक कला, ६० कलांचा एक अंश). रोझेट साधारण ८० कला, पूर्ण चंद्राच्या अडीचपटीहून थोडा मोठा. म्हणजे चौकटीत बसतो, चारी बाजूंना थोडी हवा राखून.

आमचं आकाश बॉर्टल मापनावर सात (एक सर्वांत काळं, नऊ सर्वांत उजळ). मृग आणि व्याध दिसतात, आकाशगंगा नाही. अशा आकाशाखाली नॅरोबँडशिवाय तेजोमेघाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. फिल्टर त्या वायूची नेमकी रेष आत घेतो आणि दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेर ठेवतो.

एक नियम स्वतःला घालून घेतला. प्रकल्प संपेपर्यंत कॅमेरा, फिल्टर व्हील आणि नळी एकमेकांपासून सोडवायची नाहीत. धुळीचा कण जिथे आहे तिथेच राहिला तर फ्लॅट, म्हणजे धुळीचे डाग आणि कडेचा अंधार दुरुस्त करायला एकसारख्या उजेडात घेतलेल्या फ्रेम, कधीही नव्याने घेता येतात.

७ जानेवारी

पहिली रात्र, हायड्रोजन-अल्फा. ३०० सेकंदांच्या ३४ फ्रेम, सेन्सर उणे १० अंशांवर. गाइडिंगची (ताऱ्याचा माग धरून दुर्बीण फिरवण्याची) चूक सरासरी ०.८ विकला, अर्ध्या पिक्सेलहून कमी. त्याबाबत तक्रार नाही.

तक्रार फोकसबद्दल. संध्याकाळी बाहतिनोव्ह मास्क (फोकस पारखायची खाचांची जाळी) लावून नीट फोकस केला होता, तेव्हा ताऱ्यांचा एचएफआर (ताऱ्याचा निम्मा प्रकाश ज्या त्रिज्येत मावतो ती) १.६ पिक्सेल होता. रात्री अकराला २.३. दरम्यान हवा १४ अंशांवरून ८ वर आली होती. कागदावर हिशेब मांडला: ॲल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन आक्रसतं, नळी चाळीसेक सेंटिमीटर, म्हणजे ६ अंशांत ५५ मायक्रॉन. एफ/४.८ ला हायड्रोजन-अल्फासाठी फोकसची एकूण मुभाच ७४ मायक्रॉन आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना ३७. ओ-थ्रीसाठी ती आणखी कमी, ५६. भिंगांचा वाटा निराळा. फोकस बिघडला यात आश्चर्य नाही, मी तपासायला उशीर केला हे खरं. ९ फ्रेम बाद, २५ जमा.

उद्यापासून दर दीड अंशाला आणि प्रत्येक फिल्टर बदलाला फोकस नव्याने.

एकट्या फ्रेममध्येसुद्धा, नुसत्या स्ट्रेचवर (अंधुक भाग उजळवून), गुलाबाची कडा उमटली. मध्यभागी काळी पोकळी आणि तिच्या काठावर धुळीचे काळे ठिपके, मुंग्यांची रांग असावी तसे ओळीने. कितीतरी वेळ स्क्रीनसमोर बसून होते.

१० जानेवारी

चंद्र पौर्णिमेच्या तीन दिवस अलीकडे, वृषभेत गुरूजवळ, रोझेटपासून तीसेक अंशांवर. अंगणात पुस्तक वाचता येईल इतका उजेड. तरीही ४४ फ्रेम घेतल्या आणि एकही टाकावी लागली नाही. विखुरलेलं चांदणं निळ्याकडे झुकतं, ६५६.३ नॅनोमीटरच्या तांबड्या रेषेजवळ त्याचा त्रास बराच कमी. म्हणून चंद्राच्या रात्री हायड्रोजन आणि गंधकाला द्यायच्या, काळ्या रात्री ऑक्सिजनसाठी राखायच्या, ही वाटणी.

मंगळ १६ तारखेला प्रतियुतीत येतोय, मिथुनेजवळ तांबडा जळतो आहे. दुर्बीण त्याच्याकडे वळवली नाही.

हायड्रोजन-अल्फा एकूण: ६९ फ्रेम, पावणेसहा तास. एवढ्यावर हा फिल्टर बंद. इथे सिग्नल भरपूर आहे. वहीसाठी हेही लिहून ठेवते की ७ नॅनोमीटरच्या पट्ट्यात नायट्रोजनची ६५८.३ ची रेषही शिरते, त्यामुळे मी ज्याला हायड्रोजन म्हणते त्यात थोडं नायट्रोजन आहे. ३ नॅनोमीटरचा फिल्टर असता तर ते वेगळं पडलं असतं.

१४ जानेवारी

ढग. काम नाही, म्हणून ओ-थ्रीबद्दल थोडं.

१८६४ मध्ये विल्यम हगिन्सने एनजीसी ६५४३ या ग्रहीय तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक लावला आणि त्याला इंद्रधनुष्यी पट्ट्याऐवजी हिरव्या रेषा दिसल्या. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी त्या जुळेनात, म्हणून पुढे ‘नेब्युलियम’ नावाचं नवं मूलद्रव्य मानलं गेलं. साठेक वर्षं हे कोडं सुटलं नाही. १९२७ मध्ये आयरा बोवेनने उलगडा केला: हा साधा ऑक्सिजनच, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. प्रयोगशाळेतल्या दाट वायूत उत्तेजित आयन प्रकाश टाकण्याआधीच दुसऱ्या कणावर आपटतो आणि ऊर्जा तिथे देऊन मोकळा होतो. तेजोमेघात टक्कर इतकी विरळ की त्याला निवांतपणे ५००.७ नॅनोमीटरचा किरण सोडता येतो. माझ्या चिमटीत मावणारी ही काच नेमकी त्याच रेषेसाठी घडवलेली आहे. फिल्टर पुसताना हे आठवलं की हात आपोआप हळू होतो.

मला या प्रकल्पात काय हवं आहे, तेही आज नीट उमगलं. हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन काढायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. ऑक्सिजनचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ३५.१ लागतात. इतके जोरकस फोटॉन रोझेटच्या मध्यातले सर्वांत तप्त तारेच पुरवू शकतात, आणि तेही जवळपासच. गंधकाचं उलट: एस-टू उजळते ती बाहेरच्या कडांवर, जिथे किरणांचा जोर ओसरलेला असतो. म्हणजे हे तीन रंग मेघाचा नकाशा आहेत, कुठे किती प्रखर प्रकाश पोचतो याचा. रंग चुकला की नकाशा चुकला.

१८ आणि २० जानेवारी

एस-टू. पहिल्या रात्री ३०, दुसऱ्या रात्री ४१, एकूण ७१ फ्रेम, सहा तासांना पाच मिनिटं कमी. दोन्ही रात्री चंद्र उशिरा उगवला. अपेक्षेप्रमाणे पाकळ्यांच्या बाहेरच्या बाजूला मंद पिसारा आणि आत जवळपास काही नाही. फारसं लिहिण्यासारखं नाही, सगळं मुकाट्याने झालं.

२३ आणि २४ जानेवारी

ऑक्सिजनची पाळी. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, तोवरचा वेळ माझा. ४० आणि ३८ फ्रेम, मिळून साडेसहा तास.

एकट्या फ्रेममध्ये तारे सोडून काहीच दिसत नाही. हायड्रोजनने पहिल्याच फ्रेममध्ये चेहरा दाखवला होता, त्यामुळे मन थोडं खट्टू होतं. पण ७८ फ्रेमचा घाईघाईने केलेला स्टॅक (सगळ्या फ्रेम एकत्र करून झालेलं चित्र) उघडला आणि गुलाबाच्या गाभ्यात निळं भरलेलं दिसलं. पोकळीच्या काठावर नाही, थेट आत, मध्यभागी सर्वांत गडद. पहाटे तीन वाजता हे बघून झोप उडाली.

२६ जानेवारी

झोप झाल्यावर तोच स्टॅक पुन्हा पाहिला आणि कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटू लागलं.

पोकळी ही पोकळी आहे. मध्यातल्या एनजीसी २२४४ गुच्छाच्या ताऱ्यांच्या वाऱ्याने वायू बाहेर लोटला आहे. कवचाची पुढची आणि मागची भिंत आपल्या नजरेच्या वाटेत येते, त्यामुळे आत मंद उजेड दिसणं समजू शकते. पण तो सपाट आणि फिकट असायला हवा, नेमका चौकटीच्या मध्यावर फुगवटा घेऊन बसलेला नाही. शिवाय सात-आठ ठळक ताऱ्यांभोवती निळ्या चकत्या होत्या, त्या एकमेकींत मिसळून पोकळी आणखी भरल्यासारखी दिसत होती.

दुपारी भाची आली होती. तिला मी मागे घेतलेला साधा रंगीत फोटो आणि हा स्टॅक शेजारी शेजारी दाखवला. तिने एका ताऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, “मावशी, हा तर पिवळा आहे. मग याच्याभोवतीच सगळ्यात मोठं निळं खळं कसं?”

तो तारा म्हणजे १२ मोनोसेरॉटिस. गुच्छातला वाटतो पण गुच्छाचा नाही, आपल्या बऱ्याच अलीकडचा, थंड, पिवळसर राक्षसी तारा. त्याची ताकदच नाही ऑक्सिजनचे दोन इलेक्ट्रॉन काढण्याची. त्याच्याभोवती ओ-थ्रीचा वायू उजळलेला असू शकत नाही. तरी त्याचं खळं सर्वांत ठळक, कारण त्या भागातला तोच सर्वांत तेजस्वी तारा. खळ्याची प्रत ताऱ्याच्या दिसण्याच्या तेजाप्रमाणे बदलते आहे, तापमानाप्रमाणे नाही. म्हणजे ते आकाशात नाही, माझ्या नळीत आहे.

सगळी खळी मोजली. ठळक असो वा फिकट, व्यास सारखाच: १४८ पिक्सेल. खळं म्हणजे दोन पृष्ठभागांमध्ये एकदा पुढे-मागे होऊन आलेली ताऱ्याची फोकसबाहेरची प्रतिमा, त्यामुळे व्यासावरून ते पृष्ठभाग किती दूर आहेत हे काढता येतं. १४८ पिक्सेल म्हणजे ०.५५६ मिलिमीटर. गुणिले ४.८, तर प्रकाशाचा जादा प्रवास २.६७ मिमी. निम्मा केला, १.३३. हवेत असता तर अंतर तेवढंच, पण काचेत असेल तर दीडने गुणायचं: २ मिमी. फिल्टरच्या काचेची जाडी २ मिमी आहे.

हिशेब इतका चपखल बसला की तो तिला पुन्हा करून दाखवला.

२७ जानेवारी

फिल्टर उलटा बसवून पाहावा का, हा प्रश्न दिवसभर डोक्यात होता. फिल्टर आणि सेन्सर यांच्यातल्या परावर्तनात त्याने फरक पडू शकतो. पण खळं काचेच्या आतलं आहे. एकदा मागच्या पृष्ठभागावरून आणि एकदा पुढच्यावरून प्रकाश परततो, दोन्हींच्या परावर्तनाचा गुणाकार काच उलटली तरी तोच राहणार. हाती काही लागणार नाही आणि धूळ हलल्यामुळे आतापर्यंतच्या फ्रेमसाठी नवे फ्लॅट घेण्याची सोय जाईल. फिल्टरला हात लावायचा नाही.

पट्टा सरकल्याचीही शंका तपासून बाजूला ठेवली. तिरप्या किरणांना इंटरफेरन्स फिल्टरचा पट्टा निळ्याकडे सरकतो, पण एफ/४.८ च्या शंकूत कडेच्या किरणांसाठीसुद्धा तो एक नॅनोमीटरच्या आत राहतो. ७ नॅनोमीटरमध्ये हे खपून जातं. एफ/२ च्या दुर्बिणीवाल्यांनी मात्र याची फिकीर करायला हवी.

आता मध्यावरचा तो रुंद फुगवटा. तो वायूचा की सेन्सरचा, याचा सोक्षमोक्ष लावायचा एक सरळ मार्ग आहे: चौकट हलवायची. वायू ताऱ्यांबरोबर सरकेल, दुर्बिणीतला दोष जागच्या जागी राहील.

२९ आणि ३० जानेवारी

अमावस्या. लक्ष्य मुद्दाम १२ कला बाजूला घेतलं, म्हणजे सेन्सरवर ३५६ पिक्सेल. रोझेटची एक किनार किंचित कापली गेली, चालेल. ४६ आणि ४४ फ्रेम. दोन्ही रात्री हवा स्थिर, फोकस दर दीड अंशाला. दव इतकं पडलं की दव-पट्टा पूर्ण चालू ठेवावा लागला आणि सकाळी माउंटवर हाताने रेघ ओढता येत होती.

याच सत्रात ५ सेकंदांच्या वीस फ्रेमही घेतल्या. ३०० सेकंदांत १२ मोनोसेरॉटिसचा गाभा भरून वाहतो, त्याचं खरं तेज मोजता येत नाही. पुढे लागणार आहे.

२ फेब्रुवारी

दोन स्टॅक वेगवेगळे केले. अ म्हणजे २३-२४ जानेवारी, ब म्हणजे २९-३०. ताऱ्यांवर जुळवले आणि एकातून दुसरा वजा केला.

खळी गेली, कारण ती ताऱ्यांबरोबर हलतात. पाकळ्या गेल्या. आणि उरलं ते असं: एका बाजूला रुंद उजळ डाग, दुसऱ्या बाजूला तसाच काळसर. फुगवटा सेन्सरला चिकटलेला होता. मी पहाटे तीनला ज्याच्यावर भाळले त्याचा मोठा भाग आकाशातला नव्हताच. वाईट वाटलं. पण ही शहानिशा न करता चित्र पुरं केलं असतं तर त्याहून वाईट झालं असतं.

सेन्सरला चिकटलेला, मध्यावर उजळ आणि कडेला मावळणारा डाग म्हणजे व्हिनेटिंगची (चौकटीच्या कडेला उजेड कमी पडण्याची) दुरुस्ती अपुरी पडली आहे. फ्लॅट जितका उतरता हवा तितका उतरता नाही. त्यात कुठून तरी सपाट उजेड मिसळला असणार.

दुपारी, भर उजेडात, नळीला टोपण लावून फ्लॅटच्याच एक्स्पोजरचा, ६ सेकंदांचा डार्क, म्हणजे प्रकाशाविना फ्रेम, घेतला. पार्श्वभूमी ५०० च्या आसपास यायला हवी, आली २९००. टॉर्च घेऊन एक एक सांध्यावर मारत गेले. फिल्टर व्हीलच्या झाकणाच्या फटीजवळ टॉर्च नेली की आकडा उसळायचा. फ्लॅट मी नेहमी सकाळी घेते, प्रकाशपट्टी लावून, निवांत. नॅरोबँडमधून पट्टीचा उजेड इतका थोडा येतो की सहा सेकंद उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढ्या वेळात फटीतून शिरलेला दिवसाचा उजेड फ्लॅटच्या २०,००० मधले २,४०० आकडे खाऊन बसतो. बारा टक्के. हा उजेड भिंगांतून आलेला नसतो, म्हणून त्यात व्हिनेटिंग नसते, आणि फ्लॅट फसतो.

हा दोष तिन्ही फिल्टरमध्ये होता. हायड्रोजनमध्ये सिग्नल इतका मोठा की तो झाकला गेला. ऑक्सिजन क्षीण, तिथेच तो उघडा पडला. माझे मूळ डार्क कॅमेरा बंद पेटीत ठेवून घेतलेले आहेत, त्यांना धोका नाही. तेही तपासले.

४ फेब्रुवारी

फटीवर काळी फीत, वरून दुहेरी काळं कापड, आणि फ्लॅट रात्री, अंगणातला दिवा बंद करून. टोपण लावून पुन्हा डार्क: ५०३. मग तिन्ही फिल्टरचे प्रत्येकी ४० फ्लॅट. कॅमेरा न सोडवण्याचा नियम आज कामी आला. धुळीच्या प्रत्येक कणाची जागा ७ जानेवारीसारखीच आहे.

सगळ्या फ्रेम नव्या फ्लॅटने पुन्हा शुद्ध केल्या. अ आणि ब वजा केल्यावर आता राखाडी एकसारखं मैदान. तो डाग गेला.

पोकळीत अजूनही काहीतरी निळं आहे. आता ते दोन्ही स्टॅकमध्ये ताऱ्यांच्या सापेक्ष त्याच जागी आहे आणि मध्यावर फुगत नाही. फिकट, जवळपास सपाट, काठाकडे थोडं दाटत जाणारं. पण नॉइझमधून (प्रतिमेतल्या खरखरीतून) जेमतेम डोकं वर काढतं. यावर विश्वास ठेवायला आणखी तास हवेत.

२२ आणि २३ फेब्रुवारी

मधले दिवस ढग आणि चंद्र. आता रोझेट साडेआठच्या सुमारास याम्योत्तरावर (आकाशात सर्वांत उंच) येतो, अंधार पडताच काम सुरू करावं लागतं. ३४ आणि ३२ फ्रेम. ओ-थ्री एकूण २३४ फ्रेम, साडेएकोणीस तास. पहिल्या स्टॅकच्या तिप्पट वेळ, म्हणजे नॉइझच्या तुलनेत सिग्नल १.७ पट चांगला. वर्गमुळाचा हा हिशेब निर्दय आहे: दुप्पट चांगलं हवं तर चौपट रात्री द्या.

२३ ला शेवटी लाल, हिरव्या, निळ्या साध्या फिल्टरमधून ३० सेकंदांच्या वीस-वीस फ्रेम घेतल्या, फक्त ताऱ्यांच्या रंगांसाठी.

१ मार्च

खळी काढणं. ठळक ताऱ्यांवर ब्रश फिरवून ती पुसता येतात, पण मग त्यांच्याखाली वायू किती होता हे माझ्या हाताच्या मर्जीवर राहिलं असतं. पोकळीतला निळा हाच तर प्रश्न आहे, तिथे मर्जी चालवायची नाही.

रिफ्रॅक्टरमध्ये मध्ये अडथळा नसतो, त्यामुळे खळं म्हणजे सरळ भरलेली चकती, कडा थोडी मऊ. १२ मोनोसेरॉटिसच्या चकतीची पार्श्वभूमीपेक्षा जास्तीची उजळी मोजली, ५ सेकंदांच्या फ्रेममधून त्या ताऱ्याचं एकूण तेज मोजलं, आणि दोन्हींचं गुणोत्तर काढलं. ते गुणोत्तर फिल्टरचं आहे, ताऱ्याचं नाही, म्हणून सगळ्यांना लागू. एक छोटी स्क्रिप्ट लिहून आठ ताऱ्यांसाठी १४८ पिक्सेलच्या चकत्या त्यांच्या त्यांच्या तेजानुसार वजा केल्या.

एचडी ४६१५० आणि एचडी ४६२२३ या दोन ताऱ्यांकडे विशेष लक्ष होतं. हेच मेघ पेटवणारे मुख्य तप्त तारे, ओ वर्गाचे. त्यांच्या चकत्या वजा झाल्यावर खाली खड्डा पडला नाही की उंचवटा राहिला नाही. गुणोत्तर बरोबर आहे याची मला याहून चांगली साक्ष नको.

आणि निळा उरला. पोकळी भरून, पातळ, आतल्या काठाला उजळत गेलेला. धुळीचे काळे ठिपके त्याच्यासमोर कापून काढल्यासारखे दिसतात, म्हणजे निदान काही उजेड त्यांच्या मागून येतो. हे पाहिल्यावर शंका मिटली.

५ मार्च

रंग. गंधक लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा. हबलने १९९५ मध्ये टिपलेल्या गरुड तेजोमेघाच्या स्तंभांमुळे ही मांडणी सगळ्यांच्या डोळ्यांत बसली. तरंगलांबीच्या क्रमाने रंग दिलेले आहेत, मनमानी नाही. खरं तर हायड्रोजन आणि गंधक डोळ्याला दोन्ही लालच दिसले असते आणि त्यांच्यातला फरक हरवला असता.

तीन चॅनेल जसेच्या तसे एकत्र केले की सगळं हिरवं दिसतं, कारण हायड्रोजन बाकी दोघांना गिळतो. ऑक्सिजन ४.५ ने आणि गंधक ६ ने गुणला, पूर्ण चित्रभर एकाच आकड्याने. पोकळीवर वेगळा मास्क लावून निळा चढवायचा नाही, हे पहिल्यापासून पक्कं होतं. आकडे इथे लिहिले आहेत, कुणालाही उलट जाऊन मूळ प्रमाण काढता येईल.

हे गुणन ताऱ्यांना मात्र बाधतं. त्यांचा प्रकाश तिन्ही पट्ट्यांत जवळपास सारखा, दोन चॅनेल वाढवले की ते जांभळे होतात. स्टारनेट या सॉफ्टवेअरने तारे वेगळे केले, तेजोमेघ एकटा स्ट्रेच केला, आणि २३ फेब्रुवारीच्या रंगीत फ्रेममधले तारे परत बसवले.

८ मार्च

चित्र पूर्ण. हायड्रोजन-अल्फा ५ तास ४५ मिनिटं, एस-टू ५ तास ५५ मिनिटं, ओ-थ्री १९ तास ३० मिनिटं.

पहाटे तीनच्या त्या पहिल्या स्टॅकइतकं ते भडक नाही. पाकळ्या सोनेरी, बाहेरच्या कडा तांबूस, आणि मधे निळा इतका हलका की आधी काळाच वाटतो, मग नजर स्थिरावली की भरत जातो. भाचीला पाठवलं. तिने १२ मोनोसेरॉटिसच्या भोवती मोठं करून पाहिलं आणि उलट लिहिलं: “मावशी, पिवळा तारा नुसता पिवळा आहे आता.”

आज संध्याकाळी कॅमेरा नळीवरून सोडवला. फिल्टर व्हीलच्या फटीला आतून फेल्टची पट्टी चिकटवली, टॉर्च मारून पाहिली, आकडा हलला नाही.